पडीक म्हटलेल्या माळावरची फुले

फुलांविषयी लेख, आणि तोही या पानांवर, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपल्या वाट्याला फूल आले ते दुसऱ्याच्या देवघरातले, दुसऱ्याच्या बागेतले आणि दुसऱ्याच्या कवितेतले. ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याला देवाला वाहायच्या फुलाचे कौतुक असण्याचे काही कारण नव्हते. पण माळावर, बांधावर, ओढ्याकाठी जे आपोआप उगवते त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची भाजी आपल्या आयाबायांनी खुडली. त्याच्या सालीने आपल्या आज्यापणज्यांनी कातडी कमावली. त्याच्या पाल्यावर आणि बियांवर दुष्काळाचे दिवस काढले. या फुलांना कोणी फूल म्हटले नाही, तण म्हटले. ती ज्या जमिनीवर उगवतात तिला पडीक म्हटले. हे दोन्ही शब्द तपासून घेणे आणि ही फुले शोधायची, ओळखायची व राखायची कशी हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाघोलीचा माळ

उदाहरणासाठी वाघोली घेऊ. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. याच रस्त्याने दरवर्षी १ जानेवारीला लाखो माणसे भीमा कोरेगावला जातात. १९२७ साली त्याच दिवशी बाबासाहेब तेथे गेले होते. म्हणजे आपल्यापैकी असंख्यांनी वाघोलीचा माळ पाहिला आहे. पण पाहिला तो जानेवारीत. त्या वेळी माळ वाळून कोळ झालेला असतो, कुसळी गवत पिवळे पडलेले असते, आणि ‘येथे काय आहे?’ असे मनात येऊन माणूस पुढे जातो. तोच माळ ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाहिला तर प्रश्न उलटा पडेल.

हा प्रदेश कोरडा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि पूर्वेला शिरूरकडे जाताना आणखी घटतो. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, वर मुरूम आणि त्यावर वीतभर, कोठे बोटभरच माती. अशा मातीत मोठे झाड रुजत नाही. म्हणून येथे जंगल नाही, गवताचा माळ आहे. तो उजाड झालेले जंगल नव्हे. पाऊस, दगड आणि माती यांच्या हिशेबात बसणारा तोच येथला निसर्ग आहे. या बोटभर मातीत कंद आणि बिया आठ महिने दडून राहतात आणि चार महिन्यांत उगवणे, फुलणे, बी धरणे सगळे उरकतात.

परंतु महसुलाच्या भाषेत जी जमीन सारा देत नाही ती पडीक. इंग्रजांनी हा हिशेब पक्का केला आणि तो आजही पुसला गेलेला नाही. खुरट्या झुडपांचे माळ सरकारी नकाशांतही पडीक जमिनींत मोजले जातात. पडीक म्हटले की ती जमीन कोणालाही, कशासाठीही द्यायला मोकळी होते. वाघोलीत ती दगडखाणींना मोकळी झाली. पुण्याच्या इमारतींची आणि रस्त्यांची कितीतरी खडी या माळाच्या पोटातून निघाली आहे. ती काढणारे हात बहुतेक वडारांचे आणि दुष्काळी मुलखांतून आलेल्या भूमिहीनांचे. त्यांच्या मुलांना शाळा नव्हती, म्हणून १९९७ पासून ‘संतुलन’ संस्थेने खाणींच्या आवारात पाषाणशाळा चालवल्या. खाण सुरू होते तेव्हा सगळ्यांत आधी निघते ती वरची बोटभर माती. दगडाला किंमत आहे, म्हणून मातीला नाही. आणि फुलांचे सगळे भांडवल त्या मातीत असते.

एका पावसाळ्यात मी एका शिक्षक मित्राबरोबर अशाच एका खाणीच्या कडेने हिंडत होतो. आमच्या हातात पुस्तक होते. शेजारच्या पालातली एक म्हातारी वडारीण आमची गंमत पाहत होती. तिने विचारले, “काय हरवलंय, भाऊ?” आम्ही सांगितले, झाडांची नावे शोधतो आहोत. ती उठली आणि पंधरावीस पावलांत तिने आठ झाडांची नावे सांगितली. हा कुरडू, कवळा असताना भाजी. हा केना, याचीही भाजी. हा तुंबा, सर्दीला. ही भुईरिंगणी, खोकल्याला. हा सराटा, काटा मोडला तर पाय सुजतो. ही कळलावी, हिच्या कंदाला पोरांनी हात लावायचा नाही. आमच्या पुस्तकातून तोवर तीन झाली होती. ती म्हणाली, “बहात्तर साली ह्यानंच जगवलं. दिवसा खडी फोडायची आन् सांजच्याला ह्याचा पाला.” ज्ञान कोणाकडे आहे आणि ज्ञानी कोणाला म्हणतात, याचा एवढा सरळ धडा मला कोणत्याही ग्रंथात मिळालेला नाही.

ओळखायचे कसे

वनस्पतिशास्त्र ही अवघड पोथी आहे, असा आपल्या विद्यार्थ्यांचा समज असतो. तो खरा नाही. पाच प्रश्न क्रमाने विचारले तर निम्मे काम होते.

पहिला प्रश्न पाकळ्यांचा. त्या मोजाव्यात. तीन किंवा सहा असतील आणि पानाच्या शिरा गवतासारख्या समांतर धावत असतील, तर ती वनस्पती एकदल. केना, मुसळी, कळलावी या गटात येतात. चार किंवा पाच पाकळ्या असतील आणि शिरांचे जाळे असेल, तर द्विदल. तरवड, भुईरिंगणी, सराटा हे द्विदल होत.

दुसरा प्रश्न पानांचा. ती समोरासमोर जोडीने येतात की एकाआड एक? खोड हाताला चौकोनी लागले, पाने समोरासमोर असली आणि फुलाला वरचा व खालचा असे दोन ओठ असले, तर ते बहुधा तुळशीच्या कुळातले. तुंबा असाच ओळखतात.

तिसरा प्रश्न फुलाच्या घडणीचा. पतंगासारखे फूल, त्यात एक मोठी पाकळी उभी, दोन बाजूला आणि दोन जुळून होडीसारख्या: हे वाटाण्याचे कूळ. माळावरचे खुळखुळ्याचे फूल असे असते. त्याच्या वाळलेल्या शेंगा वाजतात, म्हणून ते नाव. कधी आपण ज्याला एक फूल म्हणतो ते शेकडो फुलांचे गाव असते. सोनकी, सूर्यफूल आणि झेंडू हे असे. भिंगाखाली धरले की प्रत्येक छोटे फूल वेगळे दिसते.

चौथा प्रश्न चिकाचा. पान खुडल्यावर पांढरा चीक येतो का? रुई आणि शेर यांची कुळे त्यावरून उमगतात. मात्र चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि अनोळखी वनस्पती चाखून पाहू नये. कळलावीच्या कंदात कोल्चिसीन नावाचे विष असते. त्याने माणूस दगावतो.

पाचवा प्रश्न जागेचा आणि वेळेचा. फूल खडकाच्या भेगेत होते, ओल्या चिखलात की बांधावर? कोणत्या महिन्यात? जूनमध्ये पहिल्या सरीला कंदवाली उठतात, कारण त्यांची शिदोरी जमिनीत तयार असते. बियांवरची नंतर येतात. सप्टेंबरात कुरडूचे रुपेरी-गुलाबी तुरे आणि गवताचे तुरे एकत्र डोलतात. ऑक्टोबर सरता सरता खेळ आटोपतो. म्हणून एकदा जाऊन भागत नाही; एकाच जागी दर पंधरा दिवसांनी जावे लागते.

याला साधने लागतात ती वही, पेन्सिल, दहापंधरा रुपयांची पट्टी आणि एक भिंग. आता मोबाइलने फोटो काढता येतो, पण फोटो काढणारा पाने मोजत नाही. नुसत्या फुलाचा फोटो पुरत नाही. पान, खोड, फळ आणि शेजारची जमीनही टिपावी लागते. मोबाइल एखादे नाव सुचवतो, तो निकाल नव्हे. ताडून पाहायला थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आहे. कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेतही वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. या संस्था करदात्यांच्या पैशावर उभ्या आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी तेथे संकोच न करता जावे.

नाव कोणाचे?

शास्त्रीय नावाची पद्धत लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली रूढ केली. एका नावाने जगभर एकच वनस्पती कळते, हा तिचा मोठा उपयोग. आपल्याकडे एकाच झाडाला दहा कोसांवर दुसरे नाव आणि एकाच नावाची तीन झाडे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची गरज पटते. पण नावात सत्ताही असते. केन्याच्या कुळाला लिनियसने ‘कॉमेलिना’ म्हटले. हॉलंडात कॉमेलिन आडनावाचे तिघे होते. दोघांनी वनस्पतिशास्त्रात नाव कमावले, तिसरा काही हातून होण्याआधीच वारला. या फुलाच्या दोन पाकळ्या ठळक निळ्या आणि तिसरी लहान, फिकी. म्हणून हे नाव. या तिसऱ्या कॉमेलिनला जगाने निदान एक फिकी पाकळी दिली. केन्याची भाजी करून पिढ्या जगवणाऱ्या बाईच्या नावाने तेवढेही नाही.

जुन्नरजवळच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची मांसल पानांची, लालसर चांदणीसारख्या फुलांची वनस्पती आहे. जगातल्या अतिदुर्मिळ वनस्पतींत तिची गणना झाली. १८६०च्या दशकात डाल्झेल या वनाधिकाऱ्याने तिचे वर्णन केले आणि तिला ‘फ्रेरिया’ हे नाव दिले ते तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा खंड १८८६ साली निघाला. त्यात दुष्काळात लोक कोणत्या वनस्पती खातात याची यादी आहे. ती उपयोगी आहे. परंतु कोणती पाने उकडून पाणी टाकले म्हणजे बाधत नाहीत, हा शोध कोणत्याही गव्हर्नरने लावला नव्हता. तो उपाशी माणसांनी स्वतःच्या पोटावर प्रयोग करून लावला होता.

याहून वेगळे घडू शकते, याचा दाखलाही इतिहासात आहे. केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातली औषधी माहिती मुख्यतः इट्टी अच्युतन या वैद्याने दिली. तो ईळवा समाजातला, म्हणजे ज्या समाजाला देवळाभोवतीच्या रस्त्याने चालण्यासाठी पुढे १९२४ साली वैकोमचा सत्याग्रह करावा लागला त्या समाजातला. व्हान ऱ्हीडने त्याची साक्ष त्याच्याच लिपीत पहिल्या खंडात छापली. तीन ब्राह्मण पंडितांची साक्षही तेथे आहे. पण म्हणून वैद्याचे नाव गाळले गेले नाही. पुढे एका वनस्पतिकुळाला अच्युतनवरून ‘अच्युडेमिया’ असे नावही मिळाले. लिनियसने भारतातल्या कितीतरी वनस्पती या ग्रंथावरून ओळखल्या. म्हणजे ज्याला रस्ता नाकारला गेला, त्याचे ज्ञान जगाच्या विज्ञानात पायाभूत ठरले. आणि आपल्याला हे ठाऊक आहे ते केवळ कोणीतरी त्याचे नाव लिहून ठेवले म्हणून.

स्थानिक म्हणजे शुद्ध नव्हे

येथे एका धोक्याचा इशारा देणे जरूर आहे. ‘देशी’ आणि ‘परकी’ हे शब्द वनस्पतींना लावताना अनेकांच्या मनात शुद्ध-अशुद्धाचा जुना विचार हळूच शिरतो. विटाळाचे शास्त्र आपण फार सोसले आहे. ते झाडांनाही लावू नये. मिरची, बटाटा, भुईमूग अमेरिकेतून आले आणि आपले झाले. घायपातही तिकडचेच, त्याचे दोर वळून मांगवाड्याने पोट भरले. एकदांडीही अमेरिकेतली, तिचा रस आपण जखमेवर पिळतो आणि तिच्या फुलांवर फुलपाखरे बसतात.

मग स्थानिक फुलांचा आग्रह कशासाठी? शुद्धतेसाठी नव्हे, संबंधांसाठी. हजारो वर्षे एका मातीत राहिल्याने वनस्पती, कीटक, पाखरे आणि माणसे यांचे एकमेकांशी व्यवहार जुळलेले असतात. खर्चुडीचे फूल उभ्या कंदिलासारखे असते. त्याच्या नळीत उतरत्या केसांमुळे बारीक माशा अडकतात. केस सुकले की त्या पराग घेऊन सुटतात आणि दुसऱ्या फुलात जातात. ती माशी संपली तर खर्चुडीला बी धरत नाही. तरवडाची पिवळी फुले भुंग्यांना पराग देतात, आणि त्याच्या सालीवर ढोर-चांभारांचा कातडी कमावण्याचा धंदा चालला. माळावरून तरवड जातो तेव्हा एक झुडूप जाते आणि एका समाजाच्या कसबाचा पुरावाही जातो.

गाजरगवताचा प्रश्न वेगळा आहे. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरले. ते अमेरिकन गव्हाबरोबर आले अशी समजूत आहे. त्याने त्वचेचे विकार आणि दमा होतो, आणि तो होतो मुख्यतः ते उपटणाऱ्या मजुरांना. पण हेही पाहावे की भरगच्च गवताच्या माळात ते सहज शिरत नाही. जेथे माती खणली, उलथली, राडारोडा टाकला, तेथे ते आधी येते. ते रोगापेक्षा रोगाचे लक्षण अधिक आहे.

गायरान कोणाचे?

आता सर्वांत कठीण प्रश्न. ही फुले जेथे उरली आहेत त्या बहुतेक जमिनी गायराने आहेत. आणि गायरान हाच भूमिहीन दलितांच्या लढ्याचा विषय आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत हजारो माणसे तुरुंगात गेली, ती अशाच पडीक आणि सरकारी जमिनींसाठी. मग फुले राखायची म्हणून कसणाऱ्याला हुसकावायचे काय?

नाही, असे माझे स्पष्ट उत्तर आहे. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद मान्य केला आहे. हिशेबही तेच सांगतो. दोन एकर कसणारा माणूस बांध ठेवतो. बांधावर केना, कुरडू, तरवड राहतात. खाण बांध ठेवत नाही. गृहसंकुलाची भिंत बांध ठेवत नाही. पावसाळ्यात खड्डे खणून माळावर परदेशी गिरिपुष्पाची रोपे लावणारी वृक्षारोपणाची मोहीमही, हेतू चांगला असूनही, माळाचे गवत आणि कंद मारते. ज्यांच्याकडे सर्वांत कमी जमीन आहे त्यांच्यावर निसर्गरक्षणाचा सगळा भार टाकणे ही जुनी वेठबिगारीच नव्या नावाने होईल. आपली मागणी दुहेरी असावी: भूमिहीनाला जमीन आणि माळाला माती.

काय करता येईल

पहिले काम नोंदीचे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. वाघोलीसाठी आता ती जबाबदारी महापालिकेची. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या पुऱ्या करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती. आपल्या गावची वही मागून पाहावी. तीत खाणीवरच्या, पालावरच्या, वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना विचारले आहे का, हे पाहावे. नसेल तर विचारायला लावावे. सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव नोंदीत लिहावे. हे शिष्टाचारापुरते नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली. ग्रंथाबाहेरच्या ज्ञानावरचा हक्क सांगायचा तर ते कोणाचे आहे याची लेखी नोंद हवी.

दुसरे काम मातीचे. खाण किंवा बांधकाम सुरू होताना वरची माती वेगळी रचून ठेवावी आणि काम संपल्यावर ती परत पसरावी, असा आग्रह धरावा. ती मुरमाखाली गाडली की त्यातले कंद आणि बिया संपतात.

तिसरे काम शाळेचे. प्रत्येक शाळेने आवारात दहा फूट लांब, दहा फूट रुंद तुकडा राखावा. त्यात काही लावू नये, काही उपटू नये. फक्त गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून काढावे. जून ते ऑक्टोबर मुलांनी दर पंधरवड्याला काय उगवले ते लिहावे. गवत कापायचे ते बी गळून पडल्यावर, दिवाळीनंतर. जाळायचे मुळीच नाही.

चौथे काम संयमाचे. दुर्मिळ वनस्पती सापडली तर तिचा नेमका ठावठिकाणा चारचौघांत पसरवू नये. कंद उपटून नेणारे लगेच येतात. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्यावर माणसांची रीघ लागली, हे आपण पाहिलेच आहे.

शेवटी केन्याविषयी एक गोष्ट, जी मला बरीच उशिरा कळली. केन्याला वर निळी फुले येतात, तशी जमिनीखालीही येतात. ती कधी उमलत नाहीत, त्यांना कोणी पाहत नाही; ती मातीतच बी धरतात. वरचे सगळे गुरांनी खाल्ले, पायांनी तुडवले, तरी पुढच्या पावसाला केना उगवतो. फक्त ती माती जागेवर असावी लागते.

यंदा १ जानेवारीला कोरेगावला जाताना वाघोलीच्या पुढे जेथे मोकळा माळ दिसेल ती जागा लक्षात ठेवा. ऑगस्टात वही घेऊन पुन्हा त्याच जागी जा. आणि पहिले नाव विचारायचे ते पुस्तकाला नव्हे, जवळच्या पालातल्या म्हातारीला.